सेव्ह की एक्सपोर्ट : इंदूरच्या एका फोटो-दुकानाचं प्रकरण

इंदूरला अन्नपूर्णा रोडवरून आत सुदामा नगरात शिरलं की एका मराठी कुटुंबाचं दुकान लागतं. पाटी फोटो स्टुडिओची आहे, पण पोट भरतं ते झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन आणि लग्नमुंजीच्या पत्रिकांवर. गल्ला काका सांभाळतात, कॉम्प्युटर काकूंच्या ताब्यात. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. कॉलेज सुटलं की येऊन बसतो. या कुटुंबाशी माझी जुनी ओळख आहे आणि त्यांच्या कॉम्प्युटरच्या कारभारात माझी लुडबुड असते.

गेल्या हिवाळ्यात या दुकानाचं आणि गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरचं चांगलंच वाजलं. वादाचा मुद्दा ऐकायला क्षुल्लक वाटेल: गिम्पमध्ये 'सेव्ह' म्हटलं की फाइल जेपीजी म्हणून सेव्ह होत नाही. पण याच मुद्द्यावर २०१२ पासून वापरणारे आणि बनवणारे एकमेकांवर वैतागलेले आहेत, आणि दोघांचंही म्हणणं चुकीचं नाही. म्हणूनच हे प्रकरण तपशिलात लिहितो आहे.

सीडीवाल्या माणसाची रिकामी जागा

आधी हे गिम्प दुकानात आलं कसं ते. दुकानाचा कॉम्प्युटर जुना, त्यावर विंडोज १०. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीनंतरचा लागतो. या मशीनमध्ये दोन्ही नाही. नवीन मशीन घ्यायचं तर चित्रांचं जे सॉफ्टवेअर काकू वर्षानुवर्षं वापरत होत्या ते पुन्हा टाकून घ्यावं लागणार. ते कधीच विकत घेतलेलं नव्हतं. जेल रोडवरचा एक ओळखीचा माणूस टाकून द्यायचा. काकू त्याला सरळ 'सीडीवालं' म्हणतात, आणि सीडी जाऊन पेन ड्राइव्ह आला तरी नाव तेच राहिलं.

पुतण्याने मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकली, चित्रांसाठी गिम्प २.१०, पत्रांसाठी लिब्रेऑफिस. प्रिंटर पहिल्या फटक्यात चालला, स्कॅनरने थोडं रडवलं, ब्राउझर होता तोच. या सगळ्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर एक माणूस मिळत असे. काही अडलं की काका फोन करायचे, तो संध्याकाळी स्कूटरवरून यायचा, चहा घ्यायचा, दोनशे रुपये घ्यायचा आणि काम करून जायचा. त्या सॉफ्टवेअरची खरी कंपनी कोणती, तिचे डिझायनर कोण, त्यांनी काय ठरवलं, याच्याशी दुकानाचा संबंधच आला नाही. गिम्प कायदेशीर, पैसे न मोजता मिळणारं, पण सोबत माणूस नाही. गिम्प ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की कसलीही हमी नाही. काकांची अपेक्षा मात्र जुन्याच हिशेबाने चालली होती: वस्तू घेतली की कोणीतरी जबाबदार असतोच. ही अपेक्षा मला बावळटपणाची वाटत नाही. बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाची ती रीतच आहे.

फॉर्मचा फोटो

दुकानातलं सकाळचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भंवरकुआँच्या क्लासेसमधली मुलं, आसपासचे विद्यार्थी, बँकेच्या परीक्षा देणारे, सगळे फॉर्म भरायला येतात. प्रत्येक फॉर्मचे फोटोचे नियम वेगळे. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. छापायचा पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे उंचीच्या मानाने अरुंद. एकाच चेहऱ्याचे दोन वेगळे क्रॉप करावे लागतात.

केबीची गंमत अशी की बाहेरच्याला वाटतं सगळी धडपड फाइल लहान करण्याची असेल. पण २०० बाय २३० चं चित्र मुळात इतकं छोटं की जेपीजीची क्वालिटी ७५ ठेवली तर फाइल बऱ्याचदा २० केबीच्या खालीच उतरते आणि फॉर्म ती परत करतो. तेव्हा क्वालिटी वर चढवावी लागते. गिम्पच्या एक्सपोर्टच्या खिडकीत 'प्रिव्ह्यू दाखवा' अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली की क्वालिटीचा आकडा सरकवता सरकवता फाइल किती केबीची होणार ते तिथेच दिसतं. काकूंना गिम्पमधली पहिली आवडलेली गोष्ट ही. "हे बरं करून ठेवलंय," म्हणाल्या. दुसरी गोष्ट आवडायला बरेच दिवस जावे लागले.

कारण फोटो उघडला, क्रॉप केला, लहान केला आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं, की गिम्प एक्ससीएफ नावाची स्वतःची फाइल बनवायला निघतं. त्या खिडकीत नावापुढे जेपीजी लिहिलं तर सांगतं की इथे फक्त एक्ससीएफ सेव्ह होतं, बाकीच्या प्रकारांसाठी एक्सपोर्ट वापरा. एक्सपोर्टच्या खिडकीत जायचं बटणही पुढे करतं. म्हणजे तुम्हाला काय हवं आहे ते त्याला कळलेलं असतं, पण ते करत नाही. मग एक्सपोर्ट करायचं, जेपीजी तयार होते, फॉर्मला चढते. आणि खिडकी बंद करायला गेलं की विचारतं: बदल सेव्ह केलेले नाहीत, टाकून देऊ का?

"अरे, आत्ताच तर केलं ना मी! तरी विचारूनच राहिलंय," काकू म्हणाल्या. समोर काउंटरवर मुलगा उभा, फॉर्मची मुदत आजची, त्याच्यामागे आणखी दोघं. काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला: फुकटचं आहे, असंच असणार.

त्यांनी असं का केलं

पुतण्याने शोधाशोध केली तेव्हा कळलं की हा बिघाड नव्हे, ठरवून केलेली गोष्ट आहे. गिम्पचा जन्म १९९५ चा, बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांच्या हातून झालेला. त्याच्यासाठी लिहिलेली बटणं-खिडक्यांची जीटीके लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, पुढे लिनक्सवरच्या ग्नोमसारख्या अख्ख्या डेस्कटॉपचा पाया झाली. कंपनी मागे नाही. बहुतेक काम स्वयंसेवकांचं. २००६ मध्ये या मंडळींनी पीटर सिकिंग या डिझायनरसोबत बसून गिम्प नेमकं कोणासाठी आहे हे एकदा लिहून काढलं: वरच्या दर्जाचं फोटो-काम करणारे, चित्रांतून नवी कलाकृती घडवणारे, वेबसाठी चित्रं आणि आयकॉन बनवणारे. सुदामा नगरात फॉर्मचे फोटो कापणाऱ्या काकू त्या यादीत नव्हत्या. नसणारच.

त्या यादीतल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर २०१२ पूर्वीचं वागणं खरंच धोक्याचं होतं. तो माणूस दिवसभर लेयरवर लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, चढवतो, थरांचे काही भाग मास्कने झाकतो, अक्षरं बसवतो, गाइड आखतो. जेपीजीमध्ये यातलं काहीही टिकत नाही. सगळे लेयर एकमेकांत मिसळून एक सपाट चित्र उरतं. शिवाय जेपीजी प्रत्येक वेळी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यातला बारीक तपशील उडवतं, म्हणून तीच फाइल उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर्जा घसरत जातो. गिम्प २.६ मध्ये लेयरवालं चित्र जेपीजी म्हणून सेव्ह करता येत असे. एक सूचना यायची, माणूस ओके म्हणायचा, आणि नंतर बंद करताना गिम्प गप्प बसायचं, कारण त्याच्या लेखी काम सेव्ह झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडावी तर लेयर गायब.

मे २०१२ मध्ये आलेल्या २.८ ने हा घोळ मुळातून काढला. सेव्ह म्हणजे काम जसंच्या तसं जपणं, ते फक्त एक्ससीएफमध्ये. बाकी सगळं एक्सपोर्ट. आणि नुसतं एक्सपोर्ट केलं तर काम जपलं गेलेलं नाही, म्हणून बंद करताना विचारायचं. तर्क एकदम सुसंगत आहे. ऑडॅसिटीमध्येही प्रोजेक्ट सेव्ह करणं वेगळं आणि एमपीथ्री एक्सपोर्ट करणं वेगळं, आणि तिथे त्यावरून कोणी फारसं डोकं धरत नाही. गिम्पमध्ये लोक चिडले कारण हातांची सवय आधीची होती आणि ती मोडली गेली.

मग एक चौकट का दिली नाही, ज्याला जुनं वागणं हवं त्याने खूण करावी? हा प्रश्न पुतण्याने मला विचारला, आणि हाच प्रश्न जगात सगळे विचारतात. डेव्हलपरांचा युक्तिवाद साधारण असा असतो: प्रत्येक पर्याय म्हणजे तपासायची एक जादा वाट. कंट्रोल-एस एका मशीनवर एक करणार आणि शेजारच्यावर दुसरंच, मग मदत करणाऱ्याने काय सांगायचं, पुस्तकात काय छापायचं? ग्नोमचे हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की सेटिंग फुकट मिळत नाही, त्याची किंमत असते. ग्नोमने त्या काळात पर्यायांची बरीच छाटणी केली आणि त्याबद्दल भरपूर बोलणीही खाल्ली.

विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये काय होतं त्याचंही उदाहरण आहे. २०२१ मध्ये फोटोशॉपने 'सेव्ह अ‍ॅज'च्या यादीतून जेपीजीसारखे प्रकार काढून 'सेव्ह अ कॉपी' या वेगळ्या आज्ञेखाली टाकले. तिथेही आरडाओरड झाली. फरक असा की तिथे थोड्याच काळात जुनी पद्धत परत आणणारी चौकट सेटिंगमध्ये आली. दरमहा पैसे भरणारं गिऱ्हाईक ओरडलं की कंपनीला ऐकावं लागतं. गिम्पच्या मंडळींना ते बंधन नाही, आणि मला वाटतं ही त्यांची ताकदही आहे आणि खोडही. ताकद अशी की ते स्वतःला बरोबर वाटणारं काही वर्षं चिकटून राहून करू शकतात. खोड अशी की 'आमचा वापरकर्ता तुम्ही नाही' हे उत्तर फार सहज तोंडातून निघतं.

कंट्रोल-एस बदलून पाहिलं

गिम्पमध्ये कीबोर्ड शॉर्टकट बदलता येतात. पुतण्याने पाहिलं की जेपीजी उघडलेली असताना फाइलच्या मेनूत 'ओव्हरराइट' अशी आज्ञा असते, म्हणजे उघडलेल्या जेपीजीवरच नवं चित्र लिहायचं. त्याने कंट्रोल-एस तिथे नेऊन जोडलं. काकू खूष. काकाही म्हणाले, बघ, होत होतं की!

हे सुख फार टिकलं नाही. कोणा एकाने फॉर्मसाठी फोटो काढून घेतला आणि निघताना म्हणाला की हाच फोटो आईला फ्रेम करून द्यायचा आहे, मोठा काढून ठेवा. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये पाहिलं तर मूळ फाइल २०० बाय २३० ची होऊन बसलेली. मुलगा अजून दारातच होता म्हणून पुन्हा बसवून फोटो काढता आला. २०१२ मध्ये डेव्हलपरांना ज्याची धास्ती होती ते नेमकं हेच. पुतण्याने काही न बोलता कंट्रोल-एस पूर्ववत केलं आणि काकूंना कंट्रोल-ई शिकवलं, म्हणजे एक्सपोर्ट.

हात वळायला वेळ लागला, पण वळला. राहिला तो बंद करतानाचा प्रश्न. सकाळच्या गर्दीत आठ-नऊ फोटो एकदम उघडलेले असतात. एकेक बंद करत बसण्यापेक्षा कंट्रोल-क्यू दाबलं की गिम्प सगळ्या चित्रांची यादी दाखवतं, म्हणतं यातले बदल सेव्ह झालेले नाहीत, आणि खालीच सांगतं की सगळं टाकून बाहेर पडायचं तर कंट्रोल-डी दाबा. काकूंच्या बोटांना हे बसलं. क्यू, डी. क्यू, डी. यादी वाचायचा प्रश्नच नव्हता; रोज मरे त्याला कोण रडे.

पत्रिका

तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची कामं सुरू होतात. इंदूरच्या मराठी घरांत पत्रिका अजून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशीच सुरू होते, आणि मागच्या बाजूला बऱ्याचदा तोच मजकूर हिंदीत, कारण अर्धे पाहुणे हिंदी वाचणारे. सीडीवाल्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम म्हणजे शिक्षा होती. जुने फाँट युनिकोडचे नव्हते, एकेक अक्षर वेगळ्या कळीवर, आणि तयार झालं की काकू ते जेपीजी करून ठेवत. मुहूर्ताची वेळ बदलली म्हणून फोन आला की त्या चित्रावर पांढरा चौकोन टाकून वरून नवी वेळ लिहायची. जवळून पाहिलं तर ठिगळ दिसायचं.

गिम्पमध्ये युनिकोड देवनागरी नीट उमटते, जोडाक्षरांसकट, आणि मजकूर लेयर म्हणून जिवंत राहतो. पहिली पत्रिका काकूंनी पुतण्याच्या मदतीने केली, एक्ससीएफमध्ये सेव्ह केली, आणि मुलीच्या वडिलांनी कार्यालयाचा पत्ता बदलून दिला तेव्हा फाइल उघडून फक्त ती ओळ बदलली. ठिगळ नाही, पांढरा चौकोन नाही. त्या दिवशी काकूंनी विचारलं, "हे पहिल्यापासून असं का नाही ठेवलं आम्ही?" उत्तर असं की जुन्या सॉफ्टवेअरमध्येही लेयरची फाइल ठेवता येत होतीच, पण ते जेपीजीवर समाधान मानत होतं, म्हणून काकूही मानत होत्या. गिम्पने हट्ट धरला म्हणून ही सवय लागली. डेव्हलपरांचा निर्णय इथे शंभर टक्के वसूल.

आणि त्याच निर्णयाने जानेवारीत घात केला.

एका साखरपुड्याची पत्रिका दुपारपासून चालू होती. घरच्यांना दाखवायला काकूंनी मध्येच तिची जेपीजी एक्सपोर्ट करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्यांचे बदल आले, काकूंनी ते केले, पुन्हा एक्सपोर्ट, पुन्हा पाठवणं. एक्ससीएफ एकदाही सेव्ह झाली नव्हती. तेवढ्यात फॉर्मवाल्यांची टोळी आली. त्याच गिम्पमध्ये त्यांचे फोटो उघडले, कापले, एक्सपोर्ट केले, फॉर्म गेले. सगळे गेल्यावर क्यू, डी. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

मी संध्याकाळी पोचलो तेव्हा काकू रडकुंडीला आलेल्या आणि काका तेच ते फुकटचं पुराण लावून बसलेले. गिम्पमध्ये ठरावीक वेळाने आपोआप सेव्ह होण्याची सोय नाही. २.१० ने क्रॅश झाल्यावर काम वाचवण्याची थोडी तजवीज केली आहे, पण माणसाने स्वतःच टाकून दे म्हटल्यावर ती कशाला उठेल? व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटची जेपीजी होती, तिच्यावरून पत्रिका पुन्हा उभी केली. रात्री साडेदहा वाजले.

यादीतली बारीक ओळ

नंतर आम्ही तोच प्रसंग मुद्दाम पुन्हा घडवून पाहिला. चार फोटो, एक पत्रिका, सगळ्यांचं एक्सपोर्ट, मग कंट्रोल-क्यू. यादी समोर आली. प्रत्येक चित्राच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं: अमुक फाइलमध्ये एक्सपोर्ट केलं आहे. ही ओळ डेव्हलपरांनी तक्रारी ऐकूनच ठेवली असावी असं वाटतं, म्हणजे वापरणाऱ्याला कळावं की हे निदान बाहेर तरी गेलेलं आहे. पण पत्रिकेखालीही तीच ओळ होती, कारण तीही व्हॉट्सअ‍ॅपसाठी एक्सपोर्ट झाली होती. फोटो आणि पत्रिका यादीत अगदी सारखे दिसत होते. एकाचं जेपीजी म्हणजे काम पूर्ण, दुसऱ्याचं जेपीजी म्हणजे नुसता नमुना. हा फरक फाइलमध्ये कुठेच नव्हता, तो काकूंच्या डोक्यात होता.

माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. जुनं वागणं धरून चालायचं की जेपीजी निघाली म्हणजे काम संपलं. नवं वागणं धरून चालतं की एक्ससीएफ नाही म्हणजे काम धोक्यात. दोन्ही अंदाजच. डेव्हलपर म्हणतात आमचा वापरकर्ता गंभीर काम करणारा, आणि तक्रार करणारे म्हणतात आम्ही साधी माणसं. दोन्ही बाजूंनी अशी दोन वेगळी माणसं कल्पिलेली आहेत. या दुकानात ती एकच बाई आहे, सकाळी अकराला एक आणि दुपारी चारला दुसरी.

सेव्ह आणि एक्सपोर्ट वेगळं करणं मला पटतं, आजच नाही, तेव्हाही पटलं असतं. पटत नाही ती बंद करतानाची सरसकट विचारणा. एकच लेयर असलेला, जेपीजी म्हणून उघडलेला आणि जेपीजी म्हणूनच बाहेर गेलेला फोटो आणि वीस लेयरची पत्रिका, या दोहोंसाठी एकच घंटा वाजवली की घंटेची किंमत जाते, आणि जिला वाचवायचं तीच पत्रिका बळी पडते. लेयर किती आहेत, मजकूर आहे का, हे गिम्पला ठाऊक असतं. त्यावरून यादीत नुसतं वरखाली केलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. हे करणं किती अवघड आहे ते कोड लिहिणारे सांगतील; बाहेरून सगळंच सोपं दिसतं हेही खरं.

हे त्यांना कळवावं का, यावर पुतण्या आणि मी बोललो. गिम्पच्या तक्रारी आणि सूचना ग्नोमच्या गिटलॅबवर, म्हणजे कोड आणि तक्रारी ठेवायच्या संकेतस्थळावर, नोंदवल्या जातात, कोणीही नोंदवू शकतो. पण सेव्ह-एक्सपोर्टवर तिथे आणि त्याआधी इतकं लिहिलं गेलंय की 'जुनं परत द्या' म्हणणारा आणखी एक आवाज व्यर्थच. लिहायचंच तर यादीच्या त्या बारीक ओळीबद्दल लिहायचं, पत्रिकेचा प्रसंग पायऱ्यांसकट मांडून. पुतण्याने मसुदा केलाय. परीक्षा झाल्यावर पाठवतो म्हणाला.

काम वाटून दिलं

दुकान मात्र तोवर थांबणार नव्हतं. तोडगा निघाला तो गिम्पच्या बाहेर. मिंटमध्ये पिक्स नावाचं एक साधं सॉफ्टवेअर आधीपासून असतं. फोटो दाखवतं, ठरावीक प्रमाणात क्रॉप करतं, लहान करतं, आणि सेव्ह म्हटलं की निमूट जेपीजी सेव्ह करतं. ते अस्तित्वात का आहे याची कथा याच विषयातली आहे. ग्नोमने आपल्या सॉफ्टवेअरची रचना बदलली, मेनूच्या जुन्या ओळी काढून टाकल्या, आणि मिंटच्या मंडळींना ते पसंत पडलं नाही. २०१६ मध्ये त्यांनी एक्स-अ‍ॅप्स नावाने काही सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रती काढून त्या जुन्या वळणावर चालवायला सुरुवात केली. पिक्स हे ग्नोमच्या जीथम्ब या फोटो-सॉफ्टवेअरवरून असंच काढलेलं.

म्हणजे कोड बदलायचं जे स्वातंत्र्य परवाना देतो ते काकूंनी कधी वापरलं नाही, वापरणारही नाहीत. त्यांच्यासारखंच मत असलेल्या पण कोड येणाऱ्या दुसऱ्या कोणीतरी ते आधीच वापरून ठेवलं होतं, आणि ते आयतं हाती आलं. दर वेळी असं होतंच असं नाही. गिम्पच्या नावावर आक्षेप घेऊन २०१९ मध्ये ग्लिम्प्स नावाची वेगळी वाट काढली गेली, ती २०२१ मध्ये बंद पडली. उलट ग्नोम ३ वर नाराज होऊन २०११ मध्ये निघालेलं माटे हे डेस्कटॉप अजून चालू आहे. कोड वेगळा काढता येतो एका दिवसात. तो वर्षानुवर्षं सांभाळायला माणसं लागतात.

आता फॉर्मचे फोटो आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी होतात, पिक्समध्ये कापले जातात, आणि केबीचं गणित इमेजमॅजिक करतं. त्याला सांगता येतं की फाइल ५० केबीच्या आत ठेव, आणि ते त्या मर्यादेत बसणारी जास्तीत जास्त क्वालिटी शोधून काढतं, त्यामुळे २० केबीच्या खाली जाण्याचाही प्रश्न मिटतो. पुतण्याने त्याचे दोन बटणांसारखे आयकॉन डेस्कटॉपवर ठेवलेत, एकावर 'बँक फोटो', दुसऱ्यावर 'बँक सही'. इमेजमॅजिकला तर खिडकीच नको असते. ते आज्ञांवर चालणारं, १९९० पासून लोकांच्या हातात असलेलं. काकूंना त्याचं नावही माहीत नाही.

गिम्पकडे राहिल्या पत्रिका, ३५ बाय ४५ चे आठ फोटो एका चार बाय सहाच्या कागदावर मांडायची शीट, आणि ज्या मोबाइल-फोटोंची मागची भिंत पुसून पांढरी करावी लागते ते. या शेवटच्या प्रकारात अजूनही एक्सपोर्ट आणि टाकून द्या हे करावं लागतंच, पण ते दिवसाला थोडे. यादी आली की त्यात दोन-तीनच नावं असतात, त्यामुळे काकू ती वाचतात. कंट्रोल-डी पुतण्याने बंद करायचं सुचवलं होतं, काकूंनीच नको म्हटलं.

एक भानगड पुढे उभी आहे. गिम्प ३.० मार्च २०२५ मध्येच आलंय, आणि पत्रिका छापणारा प्रेसवाला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबातली, फाइल मागत असतो, ३.० मध्ये जेपीजी आणि टिफ सीएमवायकेमध्ये एक्सपोर्ट करायची सोय झाली आहे. पुतण्याला म्हणून ते हवंय. पण शीट मांडायला त्याने २.१० साठी लिहिलेली स्क्रिप्ट तिथे चालत नाही, कारण आतल्या आज्ञांची नावं बदलली आहेत. ज्या आज्ञेच्या नावात जेपीजीच्या पुढे सेव्ह होतं, तिथे आता एक्सपोर्ट आहे. म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वी मेनूत ठरलेली गोष्ट आता कोडच्या नावांतही उतरली. पुतण्या ते वाचून हसला. काकूंनी एवढंच सांगितलं की वैशाखातल्या मुंजी उरकेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. तोवर प्रेसवाला आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या रंगांच्या हिशेबातली, फाइल घेतो आहे आणि कुंकवाचा लाल थोडा विटकरी येतो म्हणून कुरकुरतो आहे.